वाऱ्याचा खोटा आकडा

खटाव, माण, आटपाडी, जत या पट्ट्यात वळीव येतो तो आधी वारा पाठवून. वैशाखात दुपारी पारा चाळिशीला टेकलेला असतो, जमिनीलगतची हवा कोरडीठाक असते आणि ढगाचा तळ खूप उंचावर असतो. त्या ढगातून निघालेला पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच आटतो. थेंबांची वाफ होताना हवा गार होते, जड होते आणि सरळ खाली कोसळते. कळशीभर पाणी फरशीवर ओतावं तशी ती जमिनीवर आदळून चहूबाजूंना पसरते. थेंबभर पाऊस पडलेला नसतो आणि गोठ्याचे पत्रे मात्र शेजारच्या रानात जाऊन पडलेले असतात. हवामानशास्त्रात याला मायक्रोबर्स्ट म्हणतात. त्याचा पसारा चार किलोमीटरच्या आतला आणि ऐन जोर काही मिनिटांपुरताच.

उतरणाऱ्या विमानासाठी ही काही मिनिटं घातक. आधी समोरून जोराचा वारा लागतो आणि विमान उचललं जातं. वैमानिक इंजिनाचा जोर कमी करतो. पुढच्या काही सेकंदांत वरून खाली दाबणारी हवा येते आणि लगेच मागून वारा सुटतो. हवेच्या सापेक्ष वेग एकदम घटतो, आणि जमीन जवळ असते. २४ जून १९७५ ला न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर ईस्टर्न एअरलाइन्सचं ६६ क्रमांकाचं विमान असंच पडलं आणि ११३ माणसं गेली. हवामानशास्त्रज्ञ टेड फुजिता यांनी त्या दिवशीच्या नोंदी तपासून खाली कोसळणाऱ्या हवेचं हे कोडं उलगडलं. धावपट्टीच्या मधोमध एक आणि भोवती पाच, असे वारा मोजणारे खांब उभारून त्यांच्या आकड्यांतला फरक सतत पाहायचा, ही व्यवस्था अमेरिकेत त्यानंतर आली.

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत आज नियमित प्रवासी विमान उतरत नाही. कराडची धावपट्टी कोयना धरणाच्या कामासाठी पन्नाशीच्या दशकात झाली. सांगलीजवळ कवलापूरची जुनी धावपट्टी पडून आहे आणि तिथे विमानतळ व्हावा ही मागणी पुन्हापुन्हा होते. या चर्चेत धावपट्टीची लांबी येते, जमिनीचा मोबदला येतो, टर्मिनलची चित्रं येतात. दहा मीटर उंचीचा, वारा मोजणारा खांब कुणाच्याच बोलण्यात येत नाही. खरं तर त्या खांबाविषयी बोलण्याचा अधिकार महाराष्ट्रात कुणाला असेल तर तो आपल्याला आहे. चाळकेवाडी, वनकुसवडे, ढालगाव इथल्या पवनचक्क्यांच्या निमित्ताने वारा मोजणारी उपकरणं डोंगरमाथ्यावर वर्षानुवर्षं पाऊस, धुकं, वीज आणि धूळ खात उभी आहेत. ती कशी टिकतात आणि कशी बिघडतात, हे इथल्या तंत्रज्ञांना पाठ आहे.

त्या अनुभवातून एक गोष्ट ठामपणे सांगता येते. वादळात बंद पडलेल्या उपकरणाची मला फारशी भीती वाटत नाही. भीती वाटते ती पटण्यासारखा पण चुकीचा आकडा दाखवणाऱ्या उपकरणाची. पडदा कोरा दिसला तर विमानतळाच्या नियंत्रण टॉवरमधला माणूस सावध होतो, वैमानिकाला तसं सांगतो. पडद्यावर ‘१२ नॉट’ (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) दिसत असेल आणि बाहेर ३० नॉटचा झोत असेल, तर सावध व्हायला कुणाला कारणच मिळत नाही.

आधी काय मोजायचं असतं ते पाहू. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे धावपट्टीजवळचा वारा जमिनीपासून सुमारे १० मीटर उंचीवर मोजतात. टॉवरच्या पडद्यावर आणि वैमानिकाला दिला जातो तो दोन मिनिटांच्या सरासरीचा वारा. इतर विमानतळांना जाणाऱ्या मेटार संदेशात दहा मिनिटांची सरासरी असते. झोत म्हणजे तीन सेकंदांच्या सरासरीचा सर्वांत मोठा आकडा, आणि तो मूळ सरासरीपेक्षा १० नॉट किंवा जास्त असेल तर मेटारमध्ये जातो. तीन सेकंदांचा झोत नीट पकडायचा तर सेन्सरचं वाचन सेकंदाला चार वेळा व्हायला हवं. मिनिटाला एकदा वाचणारा स्वस्तातला डेटा लॉगर, म्हणजे नोंदी साठवणारा डबा, लावला की झोत निसटून जातात, आणि महिन्याचा तक्ता मात्र अगदी निटस दिसतो.

सरासरीनेच वादळ कसं झाकलं जातं हे साध्या हिशोबाने कळेल. नऊ मिनिटं ५ नॉट वारा आहे आणि दहाव्या मिनिटाला तो ४५ झाला. दहा मिनिटांची सरासरी येते ९ नॉट. दोन मिनिटांची येते २५. दोन्ही आकडे गणिताने बरोबर, आणि विमानाला लागतोय तो ४५ चा. म्हणून नियमात एक तरतूद आहे. दिशा अचानक ३० अंश किंवा जास्त फिरली आणि बदलाआधी किंवा नंतर वेग १० नॉट असला, किंवा वेगातच १० नॉटचा फरक पडला, आणि हा बदल किमान दोन मिनिटं टिकला, तर बदलाआधीची मोजमापं सरासरीतून काढून टाकायची. ही तरतूद सॉफ्टवेअरमध्ये खरोखर चालते का, हे उपकरण ताब्यात घेताना तपासायला हवं. कृत्रिम संकेत देऊन ही चाचणी अर्ध्या तासात होते.

दिशेच्या सरासरीत आणखी एक सापळा आहे. ३५० अंश आणि १० अंश या दोन वाचनांची साधी सरासरी १८० येते. वारा उत्तरेचा, पडदा म्हणतो दक्षिणेचा. दिशेची सरासरी वाऱ्याचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे घटक पाडूनच काढावी लागते. विमानतळासाठी बनवलेल्या यंत्रणेत ही चूक सहसा नसते, पण किरकोळ सुटे भाग जोडून एखाद्या छोट्या धावपट्टीवर यंत्रणा उभी केली की ती हमखास शिरते. उत्तरेचा वारा कमी असलेल्या भागात ती महिनोन्महिने कळतही नाही.

आता उपकरणांकडे वळू. तीन वाट्यांचा ॲनिमोमीटर आणि सोबत दिशा दाखवणारा वातकुक्कुट, म्हणजे व्हेन, ही जोडी सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत समजूतदार. आयर्लंडमधल्या आर्मा वेधशाळेच्या रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये वाट्यांचं हे यंत्र केलं. तेव्हा वाट्या चार होत्या, तीन वाट्यांची रचना विसाव्या शतकात रुळली. त्यातली कमजोर जागा एकच, बेअरिंग. माण-खटावची बारीक धूळ सीलमधून आत जाते, ग्रीस वाळतं, मग पावसाळ्यात दमटपणाने गंज धरतो. चांगला ॲनिमोमीटर सेकंदाला अर्धा मीटर इतक्या मंद वाऱ्यात फिरायला लागतो. बेअरिंग कुरकुरू लागलं की आधी हा मंद वारा दिसेनासा होतो आणि पडद्यावर ‘शांत’ असं जास्त वेळा येऊ लागतं. जोराच्या वाऱ्यात घर्षणाचा वाटा लहान असल्याने आकडा बराच काळ बरा दिसतो आणि माणूस फसतो. त्यामुळे जुन्या सेन्सरची परीक्षा मंद वाऱ्यातच घ्यावी. पहाटे पाच ते सातच्या नोंदींत शांततेचं प्रमाण गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा वाढलेलं दिसलं, की बेअरिंग बदलायची वेळ झाली.

वाट्यांचा आणखी एक स्वभाव आहे. झोत आला की त्या चटकन वेग घेतात, झोत ओसरला की सावकाश मंदावतात. त्यामुळे झोताझोताच्या वाऱ्यात सरासरी किंचित वाढीव येते. ही चूक काही टक्क्यांची आणि सुरक्षिततेच्या बाजूची असल्याने मला तिची चिंता वाटत नाही. गारपिटीने पोचा आलेली वाटी मात्र धोक्याची. आकार बदलला की कंपनीने दिलेलं सूत्र लागू राहत नाही, आणि खालून पाहिलं तर वाट्या छान फिरताना दिसतात. गारा पडून गेल्या की दुर्बिणीने तिन्ही वाट्या पाहाव्यात. शंका आली तर खांब खाली घ्यावा.

व्हेनच्या पोटात बहुतेक वेळा पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे गोल पट्टीवर फिरणारा काटा. त्या गोलात काही अंशांची फट असते आणि काटा फटीवर आला की वाचन भरकटतं. फट नेहमीच्या वाऱ्याच्या दिशेला येऊ नये असा व्हेन बसवायचा आणि तो फरक लॉगरमध्ये भरायचा, ही रीत. सह्याद्रीच्या अंगाला जून ते सप्टेंबर वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा. चार महिने काटा पट्टीच्या त्याच तुकड्यावर थरथरत घासत राहतो. दोन-तीन पावसाळ्यांत तो तुकडा झिजतो, आणि नेमक्या मुख्य दिशेला वाचन उड्या मारायला लागतं. पठारावरच्या पवनचक्क्यांना हे दुखणं नवीन नाही. यावर उपाय दोन. एकतर संपर्काशिवाय चालणारा, चुंबकीय किंवा प्रकाशीय एन्कोडर असलेला व्हेन घ्यायचा, नाहीतर पोटेन्शिओमीटर दर दोन वर्षांनी बिघडायची वाट न पाहता बदलायचा. पहिला महाग पडतो, पण विमानतळासाठी मी तोच घेईन.

दिशेची सर्वांत मोठी चूक मात्र सेन्सरच्या बाहेर असते. आडव्या नळीला धरणारा यू-बोल्ट वादळात सरकतो आणि व्हेनचं तोंड १५-२० अंश फिरून बसतं. सगळे संकेत ठीक, बॅटरी ठीक, दिशा चूक. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. वारा ३० नॉट आणि धावपट्टीशी कोन ३० अंश असेल तर आडवा वारा १५ नॉट. तोच कोन ५० अंश असेल तर आडवा वारा २३ च्या घरात. प्रशिक्षणात सर्रास दिसणाऱ्या सेसना १७२ या छोट्या विमानात उत्पादकाने चाचणीत पेलून दाखवलेला आडवा वारा १५ नॉटच आहे. म्हणजे बोल्ट सरकल्याने सुरक्षित उतरणं आणि धावपट्टीबाहेर जाणं यांतला फरकच पुसला जातो. नळीवर आणि खांबावर रंगाची एक सलग उभी रेघ मारून ठेवावी. खालून पाहताना रेघ तुटलेली दिसली की काय झालं ते कळतं. खर्च डबाभर रंगाचा.

अल्ट्रासॉनिक सेन्सरला फिरणारा भागच नाही. समोरासमोरच्या दोन डोळ्यांमध्ये, म्हणजे ध्वनी सोडणाऱ्या आणि ऐकणाऱ्या टोकांमध्ये, ध्वनीचा स्पंद एकदा वाऱ्याबरोबर आणि एकदा वाऱ्याविरुद्ध पाठवतात. अंतर १५ सेंटीमीटर, ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर आणि वारा २० मीटर धरला, तर जायला सुमारे ४१७ आणि परत यायला ४६९ मायक्रोसेकंद लागतात. या ५२ मायक्रोसेकंदांतून वारा निघतो. दोन्ही वेळांचे व्यस्त वजा केले की ध्वनीचा वेग हिशोबातून गळून जातो, त्यामुळे तापमान बदललं तरी फरक पडत नाही. योजना सुंदर आहे. झोत हा सेन्सर वाट्यांपेक्षा लवकर पकडतो, बेअरिंगची कटकट नाही आणि डोळे साफ असले तर वर्षानुवर्षं चालतो.

मुसळधार पावसात याचं दुखणं निघतं. डोळ्यावर पाण्याचा थेंब लटकला किंवा पापुद्रा बसला की स्पंद क्षीण होतो, आणि सेन्सर ते वाचन ‘अवैध’ ठरवून टाकून देतो. इथवर ठीक. आता पाहा, सर्वांत जास्त पाणी सर्वांत मोठ्या झोताबरोबर येतं. म्हणजे टाकून दिलेली वाचनं बहुतेक झोतांची, आणि सरासरी काढली जाते उरलेल्या मवाळ वाचनांची. यातूनच तो पटणारा खोटा आकडा तयार होतो. दोन मिनिटांत साधारण ४८० वाचनं यायला हवीत. त्यातली किती वैध होती हा आकडा पडद्यावर वाऱ्याशेजारी दिसायलाच हवा, आणि तीन चतुर्थांशांपेक्षा कमी असतील तर वाऱ्याच्या जागी आकडा येऊच नये, असं मी म्हणेन. बऱ्याच सेन्सरांत हा गुणवत्तेचा संकेत उपलब्ध असतो. पडदा बनवणारा तो पुढे पाठवत नाही, कारण निविदेत त्याचा उल्लेख नसतो.

बाकी त्रास पाखरांचा. कोतवालाला उघड्या माळावर उंच टोक हवंच असतं. तो सेन्सरवर बसला की एका मार्गाचा स्पंद अडतो. वर काटेरी कडं बसवलं की हा प्रश्न सुटतो. पावसाळा संपताना कोळी डोळ्यांमध्ये जाळं विणतात, ते दसऱ्याच्या आसपास पुसून घ्यावं.

या सगळ्यावर मात करणारा शत्रू म्हणजे वीज, दोन्ही अर्थांनी. वळवाचा पहिला झोत गावात पोचला की तारा झुलतात आणि पुरवठा जातो. झोत विमानतळावर पोचायच्या आधी सेन्सर बॅटरीवर आलेला असतो. सेन्सर, लॉगर आणि रेडिओ मिळून सहा वॉट धरले तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून अर्धा अँपिअर जातो. पाटण-महाबळेश्वरच्या बाजूला आषाढात आठवडाभर ऊन दिसत नाही, म्हणून सोलर पॅनेलच्या भरवशावर न राहता पाच दिवसांची सोय करावी. त्याला ६० अँपिअर-तास लागतात, आणि लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याहून खाली उतरवू नये म्हणून १२० ची घ्यावी. खांबावरचा लाल दिवा याच बॅटरीवर टाकण्याचा मोह टाळावा, त्याला वेगळी बॅटरी द्यावी. बॅटरी पत्र्याच्या पेटीत उन्हात ठेवली तर एप्रिलमध्येच तिचं आयुष्य झपाट्याने संपतं. पेटीला सावली, खालून-वरून हवा, आणि वर्षातून एकदा खऱ्या भारावर सहा तास चालवून पाहणं, एवढं केलं तर ती ऐनवेळी दगा देत नाही. नुसता व्होल्टमीटर लावून १२.६ दिसले म्हणून समाधान मानणं ही सर्वांत सामान्य चूक.

आकाशातली वीज खांबावर पडतेच असं नाही. जवळपास पडली तरी संकेताच्या लांब केबलमध्ये उसळी येते आणि दुसऱ्या टोकाला असलेलं कार्ड जळतं. इथे आपल्या जमिनीचा प्रश्न येतो. डोंगरमाथ्यावर जांभा, खाली मुरूम आणि काळा पाषाण, या जमिनीत अर्थिंग मुळातच अवघड. शिवाय वळवाच्या विजा चैत्र-वैशाखात येतात, जमीन वर्षातली सर्वांत कोरडी असताना. ऑगस्टमध्ये अर्थिंग मोजलं तर ४ ओहम येईल आणि सगळे खूश होतील, तोच खड्डा एप्रिलअखेर २५ दाखवेल. म्हणून मोजणी एप्रिलातच करावी. अर्थिंगच्या खड्ड्यापासून चाळीस मीटरवर करंटची खुंटी, पंचवीस मीटरवर व्होल्टेजची, आणि वाचन १० ओहमच्या आत. जास्त आलं तर खड्डा खोल करण्यापेक्षा जमिनीत आडव्या पट्ट्या चहूदिशांनी पुरणं आपल्या खडकाळ जमिनीत अधिक लागू पडतं.

खांबाचं अर्थिंग आणि उपकरणखोलीचं अर्थिंग तांब्याच्या पट्टीने जोडलेलं हवं. दोन्ही वेगळी ठेवली की वीज पडताना दोघांमध्ये हजारो व्होल्टचा फरक उभा राहतो आणि तो संकेताच्या केबलमधूनच वाट काढतो. केबलच्या दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर लावतात, पण उसळ्या पचवून पचवून ते संपतात आणि संपल्याचं सांगत नाहीत. दर पावसाळ्याआधी ते बदलावेत. मला विचाराल तर खांबापासून खोलीपर्यंत तांब्याची तार नेऊच नये, फायबर टाकावी. काचेतून वीज येत नाही.

केबल तुटली किंवा कार्ड जळलं तर पडद्यावर काय दिसतं? याचं उत्तर खरेदी करताना कुणी विचारत नाही. काही पडदे शेवटचा आलेला आकडा तसाच धरून ठेवतात. वीज पडण्याआधी वारा ८ नॉट होता, तर पुढचा अर्धा तास ८ नॉटच. दहा सेकंद नवा संदेश आला नाही तर आकडा पुसून तिरप्या रेघा दाखवणं आणि शेवटच्या वाचनाची वेळ शेजारी चालती ठेवणं, हे करणारा पडदा घ्यावा. चाचणी सोपी: ताब्यात घेताना केबल उपटायची आणि घड्याळ लावायचं.

खांबाची जागा हाही तेवढाच महत्त्वाचा विषय. अडथळ्यापासून खांब त्या अडथळ्याच्या उंचीच्या किमान दहापट अंतरावर असावा, हा नियम. नवा हँगर १२ मीटरचा झाला तर १२० मीटर. हँगर बांधणारे वेगळे, वारा मोजणारे वेगळे, त्यामुळे हा नियम मोडतो. कराड-सांगलीच्या बागायतीत आणखी एक अडथळा आहे, तो दरवर्षी उगवतो: ऊस. कुंपणापलीकडचा तीन-साडेतीन मीटर वाढलेला ऊस सपाट माळाला खरबरीत करतो आणि दहा मीटरवरचा वारा त्या बाजूने मंदावतो. लागणीपासून तोडणीपर्यंत आकडे हळूहळू उतरत जातात आणि तोड झाली की एका आठवड्यात वर येतात. उसाचा फड असलेल्या दिशेचे आकडे वेगळे काढून पाहिल्याशिवाय हे लक्षात येत नाही, आणि माणूस सेन्सरला दोष देत बसतो. खांब पिकाच्या बाजूला न ठेवता धावपट्टीच्या गवताळ पट्ट्यात, नियमातल्या अंतरावर आणि धडकेत मोडणाऱ्या हलक्या बनावटीचा असावा.

एक खांब पुरतो का? छोट्या धावपट्टीवर पैशांमुळे एकच असतो. २० डिसेंबर २००८ ला अमेरिकेत डेन्व्हर विमानतळावर काय झालं ते पाहण्यासारखं आहे. तिथे वारा मोजणारे ३२ सेन्सर होते. कॉन्टिनेंटलच्या १४०४ क्रमांकाच्या बोइंग ७३७ ला उड्डाणापूर्वी वारा सांगितला गेला तो २७० अंशांवरून २७ नॉट. धावताना विमानाला प्रत्यक्षात ४५ नॉटपर्यंतचा आडवा झोत लागला. विमान धावपट्टीच्या डावीकडे बाहेर गेलं आणि पेटलं. सर्व ११५ जण वाचले, अनेक जखमी झाले. उपकरणं तिथे चालू होती. धावपट्टीच्या ज्या भागात विमान धावणार होतं तिथला जोर वैमानिकाला सांगितलेल्या आकड्यात नव्हता. त्याआधी ९ जुलै १९८२ ला न्यू ऑर्लीन्सजवळ पॅन ॲमचं ७५९ क्रमांकाचं विमान कोसळलं. तिथेही धावपट्टीभोवती सेन्सरांचं जाळं होतं, पण तेव्हाच्या त्या यंत्रणेची ताकद तोकडी होती, असं तपासात नोंदलं गेलं.

म्हणून धावपट्टी लहान असली तरी दोन्ही टोकांना एकेक खांब हवा, आणि दोन्ही एकाच जातीचे नसावेत. एका टोकाला वाट्या-व्हेन, दुसऱ्याला अल्ट्रासॉनिक. धुळीने वाट्या थकतात तेव्हा दुसरा शाबूत असतो, पावसाने दुसरा आंधळा होतो तेव्हा वाट्या फिरत असतात. एकाच बनावटीचे दोन घेतले तर दोघे एकाच कारणाने, एकाच वेळी चुकतात.

उरलेली पडताळणी वायुदाब आणि तापमान करतात. वादळाच्या पुढची गार हवा येते तेव्हा पाच-दहा मिनिटांत तापमान पाच ते दहा अंशांनी उतरतं आणि दाब एक-दोन हेक्टोपास्कलने उसळतो. असं झालं आणि वाऱ्याचा आकडा हललाच नाही, तर वाऱ्याचा सेन्सर बिघडलाय असं धरून चालावं. ही तुलना सॉफ्टवेअरमध्ये चार ओळींची आहे.

आणि विंडसॉक. कापडाची ती शंकूसारखी पिशवी किमान ३.६ मीटर लांब, मोठ्या तोंडाचा व्यास किमान ०.९ मीटर, ३०० मीटर उंचीवरून दिसेल अशी. १५ नॉटच्या आसपास ती ताठ आडवी होते, त्यापुढे काही सांगत नाही. पण ती खोटं बोलत नाही, तिला बॅटरी नाही आणि वैमानिक ती स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. कापड उन्हाने विटून जड झालं, शिवण उसवली किंवा फिरती कडी गंजली तरच ती फसवते. वर्षाला एक नवं कापड आणि कडीत ग्रीस, यात काटकसर करणाऱ्यांवर मला मनापासून राग येतो.

वर्षाचं वेळापत्रक आपल्या नक्षत्रांवर बसवलं तर विसर पडत नाही. होळीनंतर खांब खाली घेऊन बेअरिंग आणि बोल्ट. एप्रिलअखेर अर्थिंगची मोजणी आणि सर्ज प्रोटेक्टर. रोहिणी लागायच्या आत बॅटरीची भाराची चाचणी. मृगाचा पहिला पाऊस झाला की पेटीत ओल शिरली का ते पाहणं, कारण रबराची कडा उन्हाने तडकलेली असते. हस्ताच्या गडगडाटी पावसानंतर पुन्हा एकदा प्रोटेक्टर. दोन वर्षांतून एकदा वेगाचा सेन्सर वायुबोगद्यात तपासून घ्यायला हवा. हवामान खात्याच्या पुण्यातल्या उपकरण विभागात तशी सोय आहे, म्हणजे हे काम आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर आहे.

वादळ येऊन गेल्यावर काय करायचं, हा भाग सर्वांत दुर्लक्षित. १९७४ च्या नाताळच्या पहाटे ऑस्ट्रेलियातल्या डार्विन विमानतळावरच्या ॲनिमोमीटरने ट्रेसी चक्रीवादळाचा ताशी २१७ किलोमीटरचा झोत नोंदवला आणि तो बंद पडला. पुढचा जोर कायमचा अज्ञात राहिला. उलट १० एप्रिल १९९६ ला ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर ऑलिव्हिया चक्रीवादळात ताशी ४०८ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. जागतिक हवामान संघटनेने तो जागतिक विक्रम म्हणून २०१० मध्ये मान्य केला. इतका अविश्वसनीय आकडा टिकला, कारण उपकरण सुस्थितीत होतं आणि आसपासच्या मिनिटांच्या नोंदी एकमेकींशी जुळत होत्या.

म्हणून वादळ ओसरल्यावर पहिलं काम यंत्रणा बंद-चालू करणं हे नव्हे. आधी लॉगरमधली कच्ची वाचनं उतरवून घ्यावीत, कारण काही लॉगरांत बंद करून चालू केल्यावर जुनी नोंद पुसली जाते. मग खांबाचा चारही बाजूंनी फोटो, रंगाच्या रेघेसकट. दोन्ही टोकांच्या सेन्सरांच्या गेल्या चोवीस तासांच्या नोंदी एकावर एक ठेवून पाहाव्यात. वारा स्थिर असलेल्या वेळी दोन टोकांत वेगाचा फरक दहा टक्क्यांहून किंवा दिशेचा फरक दहा अंशांहून जास्त सतत येत असेल, तर कोणता चुकतोय हे ठरेपर्यंत दोन्ही संशयित. संशयित सेन्सरच्या वाऱ्याच्या जागी, पडद्यावर आणि मेटारमध्येही, तिरप्या रेघाच जाव्यात. त्या रेघा पाहून वैमानिकाला एवढं कळतं की इथला वारा मोजलेला नाही, आणि कोल्हापूरला किंवा पुण्याला वळायचं का, हा निर्णय तो टाकीत पुरेसं इंधन असतानाच घेऊ शकतो.